गोविंदरावांचं मेक्सिकन

बडोद्याच्या दांडिया बाजारात गोविंदराव दिघ्यांना न ओळखणारा माणूस सापडायचा नाही, आणि ओळखणाऱ्याला त्यांचं मेक्सिकन माहीत नाही असंही व्हायचं नाही. सत्तरीचा गृहस्थ. पणजोबा गायकवाड सरकारच्या दप्तरात कारकून, स्वतः कोयलीच्या रिफायनरीत चौतीस वर्षं पाळ्या केलेला, सकाळी न चुकता विठ्ठल मंदिरात जाणारा. पण देवळाच्या पायरीवर कुणी "काय गोविंदराव, कसं काय?" असं नुसतं सौजन्यापोटी विचारलं, की हा माणूस एन्चिलाडावर घसरलाच म्हणून समजा. पुढची वीस मिनिटं विचारणाऱ्याची सुटका नाही.

मूळचा हा माणूस पट्टीचा मटण खाणारा. दिघे म्हणजे सीकेपी, आणि नयनाताईंच्या हाताला चव अशी की रविवारी जिन्यापर्यंत वास आला की वरच्या मजल्यावरचे गुजराती बिऱ्हाडकरू खिडक्या लावून घेत आणि तक्रार मात्र कधी करत नसत. खिमा पॅटिस, सोड्याची खिचडी, मटणाचा लाल रस्सा. रात्रपाळी करून सकाळी बसमधून उतरताना गोविंदरावांच्या कपड्यांना रिफायनरीचा उग्र वास असायचा आणि डोक्यात रविवारचा रस्सा. असं तीसेक वर्षं मजेत चाललं होतं.

मग २०१४ साली नयनाताईंच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन पाच तास चाललं. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर गोविंदराव बसले होते, आणि ज्या माणसानं रिफायनरीत धोक्याचे भोंगे ऐकूनही कधी जागा सोडली नव्हती, तो दर दोन मिनिटांनी उठून दाराशी जाऊन येत होता. त्यांनी डोळे मिटले आणि कुलदेवीला सांगितलं, "आई एकवीरे, हिला चालत घरी ने. आजपासून मटण, मासळी, अंडं, काही म्हणजे काही तोंडात घालणार नाही. जन्मभर."

नयनाताई बाराव्या दिवशी चालत घरी आल्या. पहिल्याच रविवारी गोविंदरावांनी जाहीर केलं की डॉक्टरांनी कोलेस्ट्रॉल सांगितलंय, आता रस्सा बंद. नयनाताईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि वालाचं बिरडं करायला घेतलं. नवसाचं ते कुणालाच बोलले नाहीत, बायकोला नाही, मुलीलाही नाही.

हा नवस साधासुधा राहिला नाही. नयनाताईंच्या तपासण्या सुरू होत्या, दर सहा महिन्यांनी. रिपोर्ट चांगला आला की गोविंदराव एकटेच सुरसागर तलावाच्या काठावर जाऊन बसत आणि बराच वेळ पाण्याकडे बघत. त्यांची पक्की समजूत झाली होती की आपण शब्द पाळतोय म्हणून ती आहे. चुकून जरी जिभेला लागलं, तरी तिकडे तिच्या पोटात काहीतरी पुन्हा उगवेल. शिकलेला माणूस, असलं काही उघड बोलला असता तर स्वतःलाच हसला असता. पण लग्नाच्या पंगतीत भाजीत पळी कुठली घातली हे तो आचाऱ्याला दोनदा विचारायचा, आणि शंका आली तर वरण-भातावर उठायचा.

शब्द पाळला, पण जेवणातली गंमत गेली ती गेलीच. बटाटा, वांगं, पनीर, परत बटाटा. जीभ रुसली होती. वर्षभर गोविंदराव पानावर बसत, पोट भरत आणि उठत.

अशात रिफायनरीतल्या जुन्या सोबत्यानं, गुणवंतभाई पटेलांनी, साठीच्या निमित्तानं सगळ्या ग्रुपला बडोद्यातल्याच अकोट्याकडच्या एका नव्या हॉटेलात नेलं. भिंतीवर रंगीत निवडुंग काढलेले, वेटरच्या डोक्यावर टोपलीएवढी हॅट. गोविंदराव दारातच थबकले.

"इथे मला काय मिळणार, गुणवंतभाई?"

"अरे गोविंदभाई, चिंता ना करो! आखुं वेज छे. जैन पण मळे," गुणवंतभाईंनी सगळं शाकाहारीच असल्याची हमी दिली आणि ते त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले.

पुढ्यात काय आलं? मक्याच्या कुरकुरीत पापड्या, त्यावर वाटलेला राजमा, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, वर लिंबू पिळलेलं आणि चीज. म्हटलं तर शेव-उसळीच्या घराण्यातलं, पण चाल निराळी. मग मक्याच्या पोळीत गुंडाळलेलं, झणझणीत लाल रश्शात बुडवलेलं एन्चिलाडा नावाचं काहीतरी आलं, आणि पहिल्याच घासाला गोविंदराव चमकले. दाट, तिखट, चावायला ऐवज असलेलं, हातानं खायचं आणि बोटं चाटायची. रश्शाची आठवण यावी असं काही शाकाहारात असू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! वर्षभरात प्रथमच त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. घरी येऊन नयनाताईंना म्हणाले, "अगं, देवानं एक दार लावलं खरं, पण हे बघ काय उघडलंय!" नयनाताईंना कुठलं दार ते कळलं नाही, निदान त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसंच दिसलं.

तिथून जे वेड लागलं ते लागलंच. महिन्यातून एकदा अकोट्याला जायचंच, नयनाताईंना घेऊन. आणि इथे गोविंदरावांनी एक शोध लावला, जो फक्त बडोदेकरच लावू शकतो. बडोद्यातली मेक्सिकन हॉटेलं त्यांनी एकूण एक पालथी घातली, आणि सगळीकडे दारावर हिरवी पाटी: शुद्ध शाकाहारी. राजमा, मका, कांदा, मिरची, चीज. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की मेक्सिकोतली माणसं मुळात शाकाहारी असणार. "आपल्या पटेलांसारखी," ते देवळात ठासून सांगत. "शेतकरी लोक. राजमा पिकवतात, मका पिकवतात, तेच खातात. अमेरिकेच्या इतक्या जवळ राहून बघा कसं पाळलंय त्यांनी!"

या समजुतीला पुढे बरेच धक्के बसायला हवे होते. पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले तेव्हा कोरेगाव पार्कातल्या मेक्सिकन हॉटेलात त्यांनी मेनू वाचला आणि पान उलटून ठेवलं. नयनाताईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, छपाईची चूक दिसतेय." मुंबईला वेटरनं तोंडावरच विचारलं, "सर, चिकन की प्रॉन्स?" गोविंदरावांनी त्याच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "मुंबईवाले कशाचीही वाट लावतात. बिचाऱ्या मेक्सिकोच्या लोकांना कळलं तर काय वाटेल त्यांना!" नयनाताई पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. श्रद्धा ही श्रद्धाच असते, आणि गोविंदरावांची भरपेट होती.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी उत्कर्षा नोकरीनिमित्त टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला राहायला गेली. गोविंदरावांनी नकाशा काढला, चष्मा लावला, बोटानं अंतर मोजलं आणि हर्षानं ओरडले, "नयना, मेक्सिकोच्या वेशीवर आहे हे!" एरवी अमेरिकेला जायला कां-कूं करणारा माणूस दोन महिन्यांत विमानात बसला. निघण्याआधी नयनाताईंची तपासणी झाली, रिपोर्ट उत्तम आला. सुरसागरवर बसून ते नेहमीपेक्षा जास्त वेळ पाण्याकडे बघत राहिले.

पहिल्याच रविवारी उत्कर्षानं त्यांना गावाच्या जुन्या भागात नेलं. रंग उडालेलं बैठं घर, आत सहा टेबलं. स्वयंपाकघर कमरेएवढ्या भिंतीपलीकडे उघडंच. तिथे कपाळावर रुमाल बांधलेली एक म्हातारी तव्यासमोर उभी होती. सगळे तिला दोन्या चेलो म्हणतात, उत्कर्षानं सांगितलं, म्हणजे चेलोबाई. ऑर्डर घ्यायला आली ती तिची सून. उत्कर्षानं तिला इंग्रजीत बजावलं की आईबाबांना मांस चालत नाही. सून हसून म्हणाली, काही काळजी नको, राजमा आणि भात आणते.

"बघ!" गोविंदराव विजयी मुद्रेनं म्हणाले. "राजमा. मी काय सांगत होतो?"

आणि ते बघत राहिले. म्हातारी पिठाचा गोळा तळहातावर घेऊन थापत होती, टप टप टप, भाकरी थापावी तशी, पण पाणी न लावता, हवेतल्या हवेत. फिरवून तव्यावर टाकत होती आणि ती पोळी टम्म फुगत होती. पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिची भाषा आपल्याला ठाऊक नाही आणि जिला आपला देश ठाऊक नाही, तिच्या हाताला हे कुणी शिकवलं असेल? गोविंदरावांच्या अंगावर सरसरून काटा आला. नयनाताईंना तर बसवेचना. "मी जरा बघून येते," म्हणून त्या उठल्या आणि सरळ त्या भिंतीपलीकडे गेल्या. जगातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात नयनाताईंना कुणी अडवलेलं नाही, तिथेही नाही अडवलं.

ताट आलं. मातीच्या रंगाचा दाट वाटलेला राजमा, लालसर भात, फडक्यात गुंडाळलेल्या गरम पोळ्या. वाफेबरोबर असा खमंग वास आला की गोविंदरावांच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. अकोट्याच्या राजम्याला हा वास नव्हता. कशाचा बरं हा वास? ओळखीचा होता, फार जुना, रविवारचा असावा असा. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला, राजम्यात बुडवला आणि उचलला.

तेवढ्यात कुणीतरी त्यांचं मनगट धरलं.

म्हातारी होती. पिठाच्या हातानं तिनं मनगट घट्ट धरलं, मान जोरजोरात हलवली, बोटांतला घास काढून घेतला आणि दुसऱ्या हातानं पुढ्यातलं ताट उचलून ती चालती झाली.

आजूबाजूची टेबलं गोविंदरावांकडे बघत होती. पानावर बसलेल्या माणसाचं ताट उचलायचं! दिघ्यांच्या घरात दारावर भांडायला आलेल्यालासुद्धा आधी पाटावर बसवलं होतं, आणि बसल्यावर त्याचं ताट कुणी हलवलं नव्हतं. तोंडचा घास काढणं म्हणतात ते हे. त्यांचे कान तापले. "ऊठ उत्कर्षा," ते म्हणाले. "आपण नको आहोत त्यांना. तुझ्या आईला बोलाव."

पण सून लगबगीनं आली आणि उत्कर्षाशी बोलू लागली. भराभर, हातवारे करत, मध्येच डोळे पुसत. उत्कर्षाचा चेहरा बदलत गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "त्या राजम्यात डुकराची चरबी असते. फोडणीलाच. भातात कोंबडीचं पाणी. यांच्यात त्याला मांस म्हणत नाहीत, म्हणून ही काही बोलली नाही. आईनं आत डबा पाहिला. तिला वाटलं डालडा आहे. विचारलं खुणेनं, तर आजीनं बोटानं नाक डुकरासारखं वर करून दाखवलं."

गोविंदरावांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मनगटावर पीठ लागलं होतं. एका विताचं अंतर राहिलं होतं, फार तर.

"पण बाबा, कोलेस्ट्रॉलसाठी एवढं कुणी धावत येत नाही," उत्कर्षा म्हणाली. "ही सांगतेय की आईनं हिच्या सासूला आधी तुमच्याकडे बोट दाखवलं. मग हात जोडून वर बघितलं. तरी कळेना, तेव्हा आईनं पदर बाजूला करून पोटावरचा व्रण दाखवला. तेव्हा म्हातारी एकच शब्द बोलली. मांदा. म्हणजे देवाला दिलेला शब्द. यांच्यातही असतो. आजारी माणसासाठी बोलतात. बाबा, तुम्ही आईसाठी...?"

गोविंदरावांनी भिंतीपलीकडे पाहिलं. निळ्या शेल्यातल्या देवीच्या तसबिरीखाली म्हातारी एक कढई घासत होती. एकदा घासली, धुतली, नाकाशी नेली, परत साबण लावून घासली. शेजारी नयनाताई उभ्या होत्या आणि कांदा चिरून देत होत्या, जणू दांडिया बाजारातच होत्या.

अर्ध्या तासानं दोघी बरोबरच आल्या. नवं ताट म्हातारीनं स्वतः मांडलं. नुसत्या मिठाच्या पाण्यात शिजलेला, चरबी लागण्याआधीच बाजूला काढलेला राजमा, तेलात परतलेला. दगडी खलात वाटलेली हिरवी चटणी. आणि कांद्यावर परतलेली कसली तरी हिरवीगार भाजी.

नयनाताई शेजारी बसल्या. गोविंदराव ताटाकडे बघत खालच्या आवाजात म्हणाले, "तुला केव्हापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून. भूल उतरत होती आणि तुम्ही उशाशी बसून देवीला बजावत होतात, मी माझं केलं, मटण सोडलं, आता तू तुझं कर म्हणून. तुमचं हळू बोलणंसुद्धा बाजवा स्टेशनापर्यंत जातं."

"मग बोलली का नाहीस? दहा वर्षं?"

नयनाताईंनी फडक्यातली पोळी काढून त्यांच्या ताटात ठेवली. "म्हटलं सांगावं, पुरे झालं, खा आता. प्रत्येक रिपोर्टच्या वेळी म्हटलं. पण जीभ रेटेना हो. भीती मलाही होतीच ना. तुम्ही पाळताय, तोवर मला काही होत नाही, असं वाटायचं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खाली घेतला. "जेवा आता. निवतंय."

गोविंदराव जेवले. कसे जेवले म्हणून सांगावं! पोळीत मका होता, पण आपल्या रोटल्याचा मका नव्हे. नयनाताईंनी आत पाहून ठेवलं होतं: मका चुन्याच्या पाण्यात रात्रभर भिजवतात, सालं सुटतात, मग दळतात. पानाला लावतो तोच चुना. चौतीस वर्षं गोविंदरावांनी रिफायनरीत तेल कॉस्टिक सोड्यानं धुताना पाहिलं होतं, आणि ही माणसं हजारो वर्षं मका धूत होती, एकही इंजिनिअर न ठेवता! हिरवी भाजी फड्या निवडुंगाची निघाली. बाजव्याच्या रुळांकडेला ज्याच्या काट्यांना भिऊन गुरंसुद्धा लांबून जातात तो निवडुंग, सोलून, परतून, भेंडीसारखा कोवळा, किंचित आंबट. प्रत्येक घासाला ते थांबत, मान हलवत आणि पुन्हा घास घेत. इतकी वर्षं ज्याच्यावर प्रवचनं झोडली, त्याच्या दारातच आपण उभे होतो, आज आत आलो, असं त्यांना वाटत होतं. मेक्सिकोची माणसं पटेलांसारखी नव्हती, हे एव्हाना कळून चुकलं होतं. पण त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झाला नाही, उलट इतकी निराळी माणसं आपल्याला ओळखीची कशी वाटली याचं आता खरं नवल वाटत होतं.

म्हातारी सगळा वेळ टेबलाशी उभी होती. पाच पोळ्या झाल्यावर तिनं सुनेमार्फत विचारलं, कसं झालंय?

एन्चिलाडावर वीस मिनिटं बोलणारे गोविंदराव उठले, त्यांनी हात पुसले आणि भरल्या हॉटेलात वाकून त्यांनी तिच्या पायांना हात लावला. म्हातारी आधी दचकली. मग तिनं त्यांना खांद्याला धरून उठवलं आणि पिठाच्या अंगठ्यानं त्यांच्या कपाळावर एक छोटा क्रूस काढला. तेवढ्यावर ती थांबली नाही. नयनाताईंकडे वळून ती खाली वाकली, आणि साडीवरूनच, जिथे तो व्रण होता नेमकी तिथे, तिनं अंगठ्यानं तीच खूण केली आणि ओठांत काहीतरी पुटपुटली.

गोविंदराव मटकन खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. दहा वर्षं त्यांना वाटत होतं की हिला धरून ठेवणारे आपण एकटेच आहोत.